मामांचा मिक्स सुटा करताना
७४ मिनिटांची एकच एक फाइल, १९ गाणी आणि मध्ये कुठेच भिंत नाही. डीजे मिक्सची गाणी वेगळी कशी करायची? कात्री कुठे चालवायची, आणि कुठे हात आवरायचा?

शुक्रवारची संध्याकाळ. वाघोलीचा ट्रॅफिक कसाबसा पार केलाय, शिक्रापूर मागे पडलंय, गाडीत पेनड्राइव्ह लावलाय आणि पाय ॲक्सिलरेटरवर ताल धरतोय. पुण्यात नोकरी आणि नगरला घर असलेल्या प्रत्येकाला हा सीन पाठ असेल. शिरूर, सुपा, कामरगाव, चास आणि मग केडगाव. केडगाव म्हटलं की पुण्यातल्या मित्रांना दौंडजवळचं, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनचं केडगाव आठवतं. बॉस, ते नाही. हे नगरच्या वेशीवरचं केडगाव. रेणुकामातेचं, नवरात्रात रात्र-रात्र जागणारं. पुण्याहून येणाऱ्याला इथेच ‘पोचलो एकदाचे’ असं वाटतं. नगर आता कागदोपत्री अहिल्यानगर झालंय, पण एसटीच्या कंडक्टरला विचारलंत तर तो अजून ‘नगर’च म्हणेल.

माझं आजोळ इथलं. मामांची छोटी साउंड सर्व्हिस होती. दोन टॉप, दोन बेस, एक ॲम्प्लिफायर, एक मिक्सर आणि पिच कमी-जास्त करता येणारा डबल सीडी प्लेअर. लग्नसराईत हळदी आणि वराती, श्रावण संपला की गणपती, मग नवरात्र. बाकीचे दिवस सामान पुसून ठेवायचं.

२००७ मध्ये ताईचं, म्हणजे माझ्या मामेबहिणीचं लग्न झालं. हळदीला दुसऱ्याचा डीजे सांगायचा, असं मामींचं म्हणणं. ‘मुलीची हळद आणि बाप मशीनमागं, बरं दिसतं का?’ मामांनी ऐकलं नाही. मशीनमागे स्वतःच उभे राहिले आणि मिक्सरच्या रेकॉर्ड आउटमधून एक वायर काढून माझ्या कॉम्प्युटरला जोडायला लावली. मी रेकॉर्डचं बटण दाबलं आणि नाचायला पळालो. तेव्हाच्या हार्ड डिस्कची कुवत बघून १२८ केबीपीएस एमपी३. फाइल भरली ७१ एमबी.

मामा २०२१ मध्ये गेले. मागच्या दिवाळीत मामींनी चहा देता देता विषय काढला, ‘ताईच्या हळदीची ती गाणी सुटी करून देतो का रे? एकच लांबलचक आहे ते. मला पाहिजे ते गाणं येईस्तोवर चहा गार होतो.’

मला वाटलं, पाच मिनिटांचं काम. लागले तीन वीकएण्ड.

मिक्स म्हणजे नक्की काय भानगड?

साधा अल्बम म्हणजे चाळ. प्रत्येक गाण्याची वेगळी खोली, मध्ये शांततेची भिंत. डीजे मिक्स म्हणजे एकच मोठा हॉल. पहिलं गाणं संपायच्या आधीच दुसरं आत येतं, दोघं थोडा वेळ हातात हात घालून नाचतात आणि मग पहिलं हळूच कटतं. हे जमायला दोन्ही गाण्यांचा वेग एक लागतो, ठोक्यावर ठोका बसावा लागतो. १९६० च्या दशकाच्या शेवटी न्यूयॉर्कच्या क्लब्जमध्ये फ्रान्सिस ग्रासो या डीजेने ही कला रूढ केली, असं मानतात. १९७२ मध्ये टेक्निक्स कंपनीची एसएल-१२०० ही तबकडी फिरवणारी मशीन आली, पुढे ती जगभरच्या डीजेंची लाडकी झाली. २००१ मध्ये पायोनियरचा सीडीजे-१००० आला आणि तबकड्यांच्या पेट्या वाहणाऱ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

आपल्याजवळचं उदाहरण हवं तर गोव्याला चला. अंजुण्याच्या किनाऱ्यावर ऐंशीच्या दशकात जे डीजे रात्रभर वाजवायचे, त्यांच्यापुढे मोठा प्रॉब्लेम होता. ऊन, वाळू आणि दमट हवा. तबकड्या वाकायच्या, खराब व्हायच्या. मग त्यांनी कॅसेट्स वापरल्या. १९८७ मध्ये डॅट, म्हणजे डिजिटल ऑडिओ टेप आली, तेव्हा ती उचलली. २०२३ मध्ये वारलेले गोवा गिल हे त्यातलं सगळ्यात गाजलेलं नाव. ते शेवटपर्यंत डॅटवाले म्हणूनच ओळखले गेले.

या डॅटमध्ये एक मस्त सोय होती. गाणं जिथे सुरू होतं, तिथे टेपवर ‘स्टार्ट आयडी’ नावाची खूण लिहिता यायची. टेप कापायची नाही, आवाजाला धक्का लावायचा नाही, फक्त शेजारी खूण. हवं ते गाणं मशीन त्या खुणेवरून शोधायचं. ही आयडिया लक्षात ठेवा. या लेखात पुढे तीच कामाला येणार आहे.

सॉफ्टवेअरला सापडलेली एकुलती एक शांतता

मी ऑडॅसिटी उघडलं. फुकट मिळतं, विंडोज, मॅक, लिनक्स सगळीकडे चालतं. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात डॉमिनिक मॅझोनी आणि रॉजर डॅनेनबर्ग यांनी ते सुरू केलं आणि २००० मध्ये ते लोकांसाठी खुलं झालं. फाइल आत ओढली की निळी लाट दिसते. उंच म्हणजे जोरात, बुटकी म्हणजे हळू.

अशा सॉफ्टवेअर्समध्ये शांतता शोधून आपोआप खुणा करणारं एक टूल असतं. कॅसेटवरून किंवा तबकडीवरून रेकॉर्ड केलेल्या अल्बमला ते झकास चालतं. गाणं संपलं, दोन सेकंद शांतता, इथे खूण. मीही मोठ्या आशेने ते चालवलं. ७४ मिनिटांत त्याला शांतता सापडली एकच. ३३ व्या मिनिटाला, चांगली चाळीस सेकंदांची.

ती कसली, हे आठवायला मला क्षणही लागला नाही. लोडशेडिंग! कॉम्प्युटर यूपीएसवर होता म्हणून रेकॉर्डिंग चालू राहिलं, मिक्सर मात्र मान टाकून बसला. मग कुणीतरी जनरेटरची दोरी ओढली आणि गाणं पुन्हा सुरू झालं. २००७ सालातल्या महाराष्ट्राचा यापेक्षा पक्का पुरावा कुठल्या म्युझियममध्ये मिळणार नाही.

थोडक्यात, मिक्सला ‘ऑटोमॅटिक’ चालत नाही. कान लावून बसावं लागतं.

सांधा ओळखायचा कसा?

१९ गाणी म्हणजे १८ सांधे. एक लोडशेडिंगने केलेला, उरले सतरा. ते ऐकताना लक्षात आलं, मामांचे सांधे दोन प्रकारचे होते.

पहिला प्रकार म्हणजे थेट उडी. एक गाणं तोडायचं, भोंगा किंवा सायरन वाजवायचा आणि धाडकन दुसरं सुरू. लोकांना वाटतं ही डीजेची आतषबाजी. त्यामागे हिशेब असतो. बऱ्याच कोळीगीतांचा ठेका सहा मात्रांचा, झुलता. हिंदी रिमिक्सचा ठोका चार मात्रांचा, सरळ. हे दोन एकमेकांवर बसवायला गेलात तर नाचणाऱ्यांचे पाय एकमेकांत अडकतील. म्हणून मध्ये भोंगा. असे अकरा सांधे निघाले. ते सोपे आहेत. लाटेत झूम करा, भोंगा संपून नव्या गाण्याचा पहिला ठोका जिथे उभा राहतो, तिथे खूण करा.

दुसरा प्रकार म्हणजे खरा मिक्स. असे सहा होते आणि सगळा घाम त्यांनीच काढला. दोन्ही गाणी एकत्र वाजताहेत, मग सीमारेषा कुठे?

इथे थोडं गणित कामाला येतं, घाबरू नका. गाण्याचा वेग मिनिटाला १२८ ठोके असेल तर एक ठोका अर्ध्या सेकंदाहून जरा कमी, ०.४७ सेकंदांचा. चार ठोक्यांचं एक आवर्तन. नाचाचं संगीत बहुधा आठ-आठ आवर्तनांच्या घरांत बांधलेलं असतं. आठ आवर्तनं म्हणजे ३२ ठोके, म्हणजे बरोब्बर १५ सेकंद. चांगला डीजे नवं गाणं अशा घराच्या उंबऱ्यावरच आत आणतो आणि जुनं उंबऱ्यावरच बाहेर काढतो. त्यामुळे एक उंबरा सापडला की पुढचे १५-१५ सेकंदांवर आपोआप सापडत जातात.

दुसरी खूण बेसची. दोन गाण्यांचे बेस एकत्र वाजले की चिखल होतो, म्हणून डीजे एका हाताने जुन्याचा बेस उतरवतो आणि दुसऱ्या हाताने नव्याचा चढवतो. हा बदल कानाला कळला नाही तरी डोळ्यांना दिसतो. ऑडॅसिटीत ट्रॅकच्या मेनूतून लाटेऐवजी स्पेक्ट्रोग्राम निवडा. खाली जाड आवाज, वर पातळ आवाज, असा रंगीत नकाशा उघडेल. तळाच्या पट्ट्याची नक्षी जिथे अचानक बदलते, तिथे सत्तांतर झालं. कापायची सगळ्यात रास्त जागा तीच. कारण तिथपर्यंत नाचणारा जुन्या गाण्यावर नाचत असतो आणि तिथून पुढे नव्यावर.

गाणं ओळखायला मोबाइलचं ॲप लावून बघितलंत तर काही ठिकाणी ते गप्प बसेल. डीजेने वेग वाढवलेला असतो, दोन गाणी एकमेकांवर असतात, ॲप बिचारं गोंधळतं. अशा वेळी घरातल्या मावश्यांना फोन लावा. आमच्याकडे ॲपने हात टेकलेली चार गाणी धाकट्या मावशीने पहिल्या पाच सेकंदांत सांगितली. वर ‘या गाण्याला तू पडला होतास’ हेही.

---

झटपट फंडे

• मूळ फाइलची कॉपी करा. काम कॉपीवर, मूळ फाइल कपाटात. मी पहिल्याच दिवशी मूळ नावावरच सेव्ह करणार होतो, थोडक्यात वाचलो.

• आधी खुणा, मग कात्री. ऐकता ऐकता कंट्रोल-एम दाबलं की वाजत्या जागी खूण पडते. थांबून, जागा निवडून करायची असेल तर कंट्रोल-बी. प्रत्येक खुणेला गाण्याचं नाव द्या, तेच पुढे फाइलचं नाव होतं.

• झेड विसरू नका. लाट मधल्या रेषेला छेदते ती जागा सोडून कापलंत तर ‘टक्’ असा आवाज येतो. झेड दाबलं की कर्सर सगळ्यात जवळच्या छेदावर जाऊन बसतो.

• एका दमात बाहेर काढा. सगळ्या खुणा झाल्या की एक्स्पोर्टमध्ये ‘मल्टिपल फाइल्स’ निवडा. जुन्या आवृत्त्यांत ‘एक्स्पोर्ट मल्टिपल’ असा वेगळा पर्याय होता. एकोणीस गाणी, एकोणीस फाइल्स, एक क्लिक.

• नावाआधी आकडे. ०१, ०२ असे आकडे लावा. नाहीतर गाडीचा प्लेअर अक्षरांप्रमाणे क्रम लावेल आणि पाठवणीचं गाणं हळदीच्या आधी येईल.

---

एमपी३ कापताना काय सांडतं?

इथे एक गोष्ट बहुतेक जण विसरतात. एमपी३ ही आधीच पिळून घेतलेली फाइल असते. ७४ मिनिटांचा आवाज न पिळता ठेवला तर जवळजवळ ७८३ एमबी होतो, आमच्या फाइलमध्ये तो ७१ एमबीत कोंबला होता. ती सॉफ्टवेअरमध्ये उघडून, कापून पुन्हा एमपी३ केलीत की पुन्हा एकदा पिळणं आलं. एकदा केलं तर फारसं कळणार नाही, पण वारंवार करत राहिलात तर झांजा आणि टाळ्या फुटक्या पत्र्यासारख्या वाजू लागतात.

यावर दोन उपाय. एक, कापलेले तुकडे फ्लॅकमध्ये ठेवा. त्यात पुन्हा काही सांडत नाही. दोन, एमपी३ न उघडताच कापणारी सॉफ्टवेअर्स वापरा. एमपी३डायरेक्टकट किंवा एमपी३स्प्लिट ही त्यातली फुकट मिळणारी नावं. एमपी३ची फाइल छोट्या छोट्या फ्रेम्सची बनलेली असते. एका फ्रेममध्ये ११५२ सॅम्पल्स, म्हणजे सेकंदाला ४४,१०० सॅम्पल्सच्या हिशेबाने २६ मिलिसेकंद. ही सॉफ्टवेअर्स दोन फ्रेम्सच्या मधूनच कापतात. साखळीची कडी तोडायची नाही, दोन कड्यांमधून सोडवायची. कात्री १०-१५ मिलिसेकंद इकडेतिकडे होते, नाचणाऱ्याला ते कळायचं कारण नाही.

आणि खरं सांगायचं तर कापायची गरज असतेच असं नाही. डॅटची ती स्टार्ट आयडी आठवते? कॉम्प्युटरच्या जगात तिची बहीण आहे, क्यू शीट. नोटपॅडमध्ये लिहिता येईल अशी साधी फाइल. त्यात फक्त इतकंच असतं, अमुक नंबरचा ट्रॅक, त्याचं नाव आणि तो सुरू होतो ती वेळ, मिनिट, सेकंद आणि फ्रेम अशी. ही फ्रेम एमपी३ची नव्हे, सीडीची. एका सेकंदात ७५. फूबारसारखा प्लेअर ही शीट वाचतो आणि तुम्हाला एकोणीस वेगळी गाणी दाखवतो. प्रत्यक्षात फाइल एकच, अखंड. ज्यांना अजून सीडी जाळायची हौस आहे, त्यांनी याच शीटवरून ‘डिस्क-ॲट-वन्स’ निवडून जाळावी. दुसऱ्या पद्धतीत दर गाण्याआधी दोन सेकंदांचा खड्डा पडतो, आणि ऐन नाचात खड्डा म्हणजे पावसाळ्यातला नगर रोडच.

५१ व्या मिनिटाला

सतरा सांधे झाले. उरला एक. ५१ व्या मिनिटाचा.

दोन हिंदी रिमिक्स, १२८ चा वेग, १५ सेकंदांचा सुरेख मिक्स. मामांचा त्या रात्रीचा सगळ्यात चांगला. स्पेक्ट्रोग्राममध्ये बेस बदलल्याची जागा काच कापल्यासारखी स्वच्छ दिसत होती. मी खूण केली, नाव दिलं, एकोणीस फाइल्स काढल्या, पेनड्राइव्हवर टाकल्या आणि दाखवायला म्हणून मामींना गाडीत बसवलं. स्टेशन रोडला एक चक्कर मारून येऊ म्हटलं.

त्या १५ सेकंदांत मामा माइकवर बोलतात. मी ते ऐकलं होतं, पण कामाच्या नादात ‘हे माइकचं’ एवढंच डोक्यात ठेवून पुढे गेलो होतो. ते ताईला म्हणतात, ‘माई, दमली असशील तर बस, पण हे एक गाणं बापासाठी.’

गाडीत ते असं वाजलं. ‘माई, दमली असशील तर बस, पण.’ मग शांतता. अर्ध्या सेकंदाची असेल. मग स्क्रीनवर नवं नाव आलं आणि, ‘हे एक गाणं बापासाठी.’

बेसचा उंबरा बरोबर त्या ‘पण’नंतर होता. संगीताच्या हिशेबाने माझी कात्री अचूक होती.

मामी काही बोलल्या नाहीत. पदर सारखा केला आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या. दुसरं गाणं संपल्यावर म्हणाल्या, ‘ते मधी थांबतंय, तेवढं नीट कर.’

भिंत आली कुठून?

ही अर्ध्या सेकंदाची भिंत मी बांधलीच नव्हती. मग ती आली कुठून? एमपी३ बनवताना एन्कोडर फाइलच्या सुरुवातीला थोडी रिकामी जागा सोडतो, शेवटीही फ्रेम भरायला भर घालतो. वाजवणाऱ्याचा उशीर धरला तर सुरुवातीची जागा हजारभर सॅम्पल्सची, म्हणजे सेकंदाच्या चाळिसाव्या भागाएवढी होते. फाइलच्या कपाळावर त्याची नोंद असते. ती वाचून रिकामी जागा गाळणारा प्लेअर असेल तर गाणी सलग वाजतात. यालाच गॅपलेस म्हणतात. आयपॉड आणि आयट्यून्समध्ये ही सोय २००६ मध्ये आली. माझ्या गाडीतला प्लेअर ती नोंद वाचत नाही. वर एक फाइल बंद करून दुसरी उघडायला तो स्वतःचा वेळ घेतो. सगळं मिळून अर्धा सेकंद.

मग पर्याय काय? पहिला विचार आला तो फॅशनेबल होता. आता गाण्यातून आवाज वेगळा काढणारी सॉफ्टवेअर्स निघाली आहेत. २०१९ मध्ये डीझर कंपनीने स्प्लीटर खुलं केलं, मेटाचं डेमक्स आहे. गायकाचा आवाज एकीकडे, ढोल दुसरीकडे, बेस तिसरीकडे. मामांचं वाक्य उचलायचं आणि अख्खं पुढच्या गाण्यात ठेवायचं. ट्राय केलं. मामांचा आवाज निघाला, पण बरोबर गायिकेचाही अर्धा निघाला. यंत्राला दोन्ही ‘माणसाचा आवाज’च. शिवाय मागचा हळदीचा गोंगाट गेल्यावर मामा रिकाम्या खोलीत बोलल्यासारखे वाटायला लागले. ती फाइल मी डिलीट केली.

दुसरा पर्याय, ती दोन गाणी एकच ट्रॅक म्हणून ठेवायची. वाईट नाही. पण मामींचं आवडतं गाणं नेमकं त्यातलं दुसरं. म्हणजे पुन्हा चहा गार.

तिसरा पर्याय इतका साधा निघाला की माझी मलाच लाज वाटली. कात्री एकदाच चालवायची असं ठरवलं कुणी? कागद कापला तर कडा एकाच तुकड्याला मिळते. आवाजाचं तसं नाही. तोच भाग दोन्ही फाइल्समध्ये ठेवता येतो! पहिलं गाणं त्याचा शेवटचा सूर पूर्ण विरेपर्यंत जाऊ द्यायचं. दुसरं गाणं त्याचा पहिला ठोका ऐकू येतो तिथून सुरू करायचं. मधले १५ सेकंद दोघांतही. ऑडॅसिटीत एका जागेऐवजी पट्टा निवडून कंट्रोल-बी दाबा, पट्ट्याची खूण पडते. असे पट्टे एकमेकांवर चढले तरी चालतात, प्रत्येक पट्ट्याची वेगळी फाइल निघते. सुरुवातीला आणि शेवटी दोन-तीन सेकंदांचा फेड दिला की कुठलंही गाणं कुठेही लावा, दचकायला होत नाही.

मामांचं वाक्य त्या १५ सेकंदांच्या मधोमध आहे. त्यामुळे आता ते दोन्ही फाइल्समध्ये अख्खं आहे.

---

तुम्हाला काय हवंय?

• सलग ऐकायचंय, पण गाण्यांची नावं हवीत: फाइल कापू नका, क्यू शीट करा.

• गॅपलेस प्लेअर आहे, क्रमानेच ऐकणार: उंबऱ्यावर एकदाच कापा, फेड देऊ नका.

• पेनड्राइव्ह, शफल, मोबाइलची रिंगटोन: सांधा दोन्हीकडे ठेवून कापा, फेड द्या.

• जपून ठेवायचंय: अखंड मूळ फाइल दोन वेगळ्या जागी. त्यातली एक घराबाहेर.

• नेटवर टाकायचंय: थांबा. मिक्स तुमच्या मामांचा असला तरी गाणी दुसऱ्याची आहेत. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं ५२ वं कलम स्वतःपुरत्या, खासगी वापराला मुभा देतं, जगाला वाटायला नाही. हा प्रश्न मोठ्या डीजेंनाही सुटला नव्हता. २०२१ मध्ये ॲपल म्युझिकने शॅझमच्या मदतीने मिक्समधली गाणी ओळखून मूळ कलाकारांना पैसे द्यायला सुरुवात केली, ती याचसाठी.

---

ओव्हर टू केडगाव

आता मामींकडे तीन गोष्टी आहेत. मूळ ७१ एमबीची फाइल, जशीच्या तशी, लोडशेडिंगसकट. ती चाळीस सेकंदं मी कापणार होतो. ताईने फोनवर दम दिला, ‘हात लावलास तर बघ. त्या अंधारात मला पहिल्यांदा पाणी मिळालं होतं.’ दुसरी, त्या फाइलची क्यू शीट, ताईच्या लॅपटॉपसाठी. तिसरी, एकोणीस सुट्या गाण्यांचा पेनड्राइव्ह, सांधे दोन्हीकडे ठेवलेला.

पेनड्राइव्ह द्यायला मी मुद्दाम शनिवारी सकाळी गेलो. मामींनी टीव्हीच्या मागे लावला, रिमोटने खाली खाली जाऊन बारा नंबरचं गाणं काढलं. आधीच्या गाण्याची शेपटी हळूच वर आली, तिच्यावर मामांचा आवाज. ‘माई, दमली असशील तर बस, पण हे एक गाणं बापासाठी.’ आणि मग बेस.

शेजारच्या काकू भाजी निवडत बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, ‘हे गाणं असं दुसऱ्याच्या मधूनच का सुरू होतंय?’

‘यांनी तसंच लावलं होतं,’ मामी म्हणाल्या, आणि आवाज दोन घरं वाढवला.